बाजाराने टाकलेल्या भाज्यांना घर हवे

भाद्रपद शुद्ध पंचमीला, म्हणजे गणेशचतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी, महाराष्ट्रातील अनेक घरांत ऋषीची भाजी होते. त्या दिवशी बैलाच्या कष्टाचे खायचे नाही, असा दंडक आहे. नांगरलेल्या शेतातले वर्ज्य. परसात किंवा कुंपणाला माणसाच्या हाताने लावलेले तेवढे चालते. म्हणून अळू, सुरण, लाल भोपळा, पडवळ, शिराळी, अंबाडी, राजगिऱ्याचे देठ, मक्याची कणसे असे सारे एका पातेल्यात एकत्र येते. या प्रथेमागील धार्मिक भावना क्षणभर बाजूला ठेवली, तरी तिच्यात दडलेले एक गृहीत विचार करण्याजोगे आहे. घरामागे चार हात जागा असणार, तीत दहाबारा प्रकारच्या भाज्या असणार आणि त्यांचे बी घरातल्याच एखाद्या मडक्यात असणार, हे धरून चालल्याशिवाय असा दंडक कोणाला घालून देता आला नसता. आज शहरांत ही भाजी मंडईत वाटे करून विकली जाते. दंडक पाळला जातो. तो ज्याच्या आधाराने उभा होता ते परस मात्र राहिलेले नाही.

परस गेले म्हणून हळहळत बसण्याचा येथे हेतू नाही. वस्ती वाढली, जागेचे मोल वाढले, माणसे खेड्यांतून चाळींत आणि चाळींतून सदनिकांत आली. हे सारे होणारच होते. प्रश्न आहे तो परसाबरोबर नांदणाऱ्या वनस्पतींचा. त्यांपैकी ज्या बाजाराला मानवल्या त्या शेतात गेल्या आणि टिकल्या. ज्या मानवल्या नाहीत त्यांना परसाबाहेर दुसरी जागाच नव्हती. अशा वनस्पती घरीच लावल्या तर राहतील, एरवी राहणार नाहीत. तेव्हा त्या राखण्याचे काम सरकार, विद्यापीठ किंवा शेतकरी यांच्यावर सोपवून नोकरदार मध्यमवर्गाला मोकळे होता येणार नाही, एवढेच या लेखाचे म्हणणे आहे.

बाजाराची चाळणी

बाजार भाजीची निवड कोणत्या कसोट्यांवर करतो? ती लांबच्या प्रवासात टिकली पाहिजे, दोनतीन दिवस तजेलदार दिसली पाहिजे, एका आकाराची असली पाहिजे आणि एकाच वेळी भरपूर तोडता आली पाहिजे. चव आणि पोषण यांचा क्रम यानंतर लागतो. यात व्यापाऱ्याचा काही दुष्टावा नाही. नाशवंत माल शंभर कोस नेऊन विकणाऱ्याला दुसरा विचार परवडतच नाही. परंतु या चाळणीतून जे खाली गळते, ते निकृष्ट म्हणून गळते असा जो समज रूढ झाला आहे, तो मात्र तपासून पाहण्यासारखा आहे.

चौधारी घेवड्याचेच उदाहरण घ्या. कोकणात आणि गोव्यात काही घरांच्या मांडवांवर हा वेल दिसतो. शेंगेला लांबीच्या दिशेने चार झालरी असतात, म्हणून तो चौधारी. त्याच्या कोवळ्या शेंगांची भाजी होते. पाने, फुले आणि जमिनीतली गाठाळ मुळेही खाता येतात. आणि वाळलेल्या दाण्यांत प्रथिनांचे प्रमाण सोयाबीनच्या जवळ जाणारे असते. १९७५ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीने या एका वेलावर स्वतंत्र अहवाल प्रसिद्ध केला आणि उष्ण कटिबंधातील गरीब देशांना प्रथिने पुरविणारे पीक म्हणून त्याची शिफारस केली. त्यानंतर काही वर्षे जगभर त्याचा मोठा गाजावाजा झाला. तरीही तो सोयाबीनसारखा शेतात पसरला नाही. कारण उघड होते. या वेलाला उंच आधार लागतो, आणि शेंगा एकदम न येता आठवड्यांमागून आठवडे थोड्याथोड्या येत राहतात. एकराला मांडव घालणे आणि रोज मजूर लावून शेंगा वेचणे कोणत्या शेतकऱ्याला परवडेल?

आता हेच दोन दोष घराच्या दृष्टीने पाहा. गच्चीच्या कठड्याला किंवा खिडकीच्या गजांना सोडलेला एक वेल आधार मागतो. तो तेथे आयता आहे. शेंगा एकदम मणभर न येता रोज मूठभर येतात. चौघांच्या कुटुंबाला नेमके तेवढेच हवे असते. शेताच्या हिशेबात जो अवगुण ठरला, तो घराच्या हिशेबात गुण ठरतो.

मायाळूची गोष्ट निराळी नाही. हिची मांसल पाने तोडल्यावर फार काळ तजेला धरत नाहीत, म्हणून मंडईत ती क्वचितच दिसते. पण भर उन्हाळ्यात, पालक उभा राहत नाही तेव्हा, ही फोफावते. अर्धवट सावलीही तिला चालते. भजीपुरती पाने तोडून थेट चुलीपाशी नेणाऱ्याला ती किती तास टिकते याची चौकशी करण्याचे कारण नाही. अबईचा वेल एकदा लागला की पुढल्या वर्षांतही शेंगा देतो. त्याच्या रुंद शेंगा कोवळ्या असतानाच तोडाव्या लागतात, आणि ती वेळ घरच्या माणसाइतकी अचूक दुसऱ्या कोणाला साधत नाही. पावसाळ्यात चढ्या भावाने विकली जाणारी करटोली तर बरीचशी रानातूनच गोळा होऊन येते. तिचे नर आणि मादी वेल वेगळे असतात, बी रुजायला वेळ घेते आणि फूल येईपर्यंत वेल कोणता हे कळत नाही. म्हणून पाचसहा बिया लावाव्या, फुले आल्यावर एखादा नर ठेवून बाकीचे नर काढावे. पावसाळा संपला की वेल वाळतो. परंतु जमिनीतला कंद राहतो आणि पुढल्या मृगात पुन्हा फुटतो.

पाकिटातले बी आणि घरचे बी

कोणी म्हणेल की, बी आता कोणत्याही दुकानात पाकिटात मिळते. मग ते घरी धरून ठेवण्याचा खटाटोप कशाला? याचे उत्तर देण्यापूर्वी पाकिटावर काय छापले आहे ते वाचले पाहिजे. संकरित बियाणे म्हणजे दोन वेगळ्या शुद्ध वाणांच्या संकरातून झालेली पहिली पिढी. ती जोमदार असते, एकसारखी असते, भरघोस पीक देते. पण तिचेच बी धरून पुन्हा पेरले, तर आजोबा-आजीचे गुण नातवंडांत विखुरलेले दिसतात. कोणते रोप उंच, कोणते खुजे; कोणते फळ गोल, कोणते लांबट. मेंडेलने वाटाण्यावरचे प्रयोग १८६६ मध्ये प्रसिद्ध केले, तेव्हापासून हे शास्त्राला ठाऊक आहे. म्हणून संकरित बियाणे दर वर्षी नव्याने विकत घ्यावे लागते.

संकरित वाणांनी देशाचे भाजीपाल्याचे उत्पादन वाढविले आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. तथापि, बियाणे विकणारी संस्था ज्याला मोठा खप आहे त्याच पिकावर पैसा घालणार, हेही उघड आहे. टोमॅटो, भेंडी, मिरची, कोबी यांची पाकिटे सर्वत्र असतात. अबईचे किंवा अंबाडीच्या एखाद्या गावठी जातीचे बी शोधायला गेले, तर गावाकडची एखादी आत्या, आठवडी बाजारात बसलेली एखादी म्हातारी, नाहीतर बीजसंवर्धनाचे काम करणारी एखादी संस्था गाठावी लागते. दुकानदार ठेवत नाही कारण मागणी नाही. मागणी नाही कारण नव्या पिढीने ती भाजी खाल्लेलीच नाही. हे चक्र दुकानात तुटणार नाही. ज्याच्या घरी बी आहे त्याने ते दुसऱ्याला दिले, तरच तुटेल.

या देवघेवीची ताकद कमी लेखण्याचे कारण नाही. ज्ञानेश्वरी सिद्ध झाली तेव्हा, म्हणजे १२९० मध्ये, महाराष्ट्रातल्या एकाही स्वयंपाकघरात मिरची नव्हती. बटाटा नव्हता, टोमॅटो नव्हता, पेरू आणि पपई नव्हती. ही सारी अमेरिका खंडातली संपत्ती. १५१० मध्ये गोवा पोर्तुगीजांच्या हाती गेला, त्यानंतरच्या काळात त्यांच्या जहाजांबरोबर तिच्यातले बरेचसे आपल्याकडे आले. बटाटा हा शब्दही त्यांच्याच भाषेतला. त्या काळी ना कृषिखाते होते, ना प्रचारपत्रके. तरीही मिरची खेडोपाडी गेली, घरोघर तिचे बी धरले गेले, आणि आज तिच्यावाचून मराठी जेवणाची कल्पनाही करवत नाही. एके काळच्या अनोळखी रोपट्याला असे आपलेसे करणारा समाज स्वतःच्याच परसातल्या वेलांना अनोळखी होऊ देत आहे, हे नवल म्हटले पाहिजे.

शीतगृहात आणि मातीत

मग हे जतनाचे काम शास्त्रीय संस्था करीत नाहीत काय? करतात, आणि फार मोठ्या प्रमाणावर करतात. नवी दिल्लीतील राष्ट्रीय जनुकपेढीत चार लाखांहून अधिक नमुने शून्याखाली अठरा अंश तापमानात जपून ठेवलेले आहेत. याचे मोल केवढे आहे, हे भेंडीच्या उदाहरणावरून समजेल. भेंडीवर पांढऱ्या माशीमुळे पसरणारा केवडा रोग पडतो, पाने पिवळी जाळीदार होतात आणि पीक हातचे जाते. १९८० च्या दशकात परभणीच्या कृषी विद्यापीठात भेंडीचा तिच्या एका जवळच्या भाईबंदाशी संकर करून या रोगाला तोंड देणारा वाण तयार करण्यात आला. तो ‘परभणी क्रांती’. ज्या वनस्पतीकडे मंडईत कोणी ढुंकूनही पाहिले नसते, तिच्याकडून भेंडीला ही शक्ती मिळाली. कोणत्या टाकाऊ दिसणाऱ्या वेलात पुढल्या संकटाचे औषध आहे, हे आज सांगता येत नाही. म्हणूनच आज तो टाकून देता येत नाही.

परंतु शीतगृहातील बी एक प्रकारे थांबलेले असते. बाहेर पाऊस लांबतो, उन्हाळा कडक होतो, नव्या किडी येतात. याचा त्याला पत्ता नसतो. दर वर्षी पेरले जाणारे बी मात्र त्या त्या ठिकाणच्या हवामानातून निवडले जाऊन पुढे जाते. शिवाय अबईच्या शेंगेच्या कडांचे दोर कसे काढावे, अंबाडीची भाजी आधी उकडून पिळून का घ्यावी, हे ज्ञान कोणत्याही पेढीत शून्याखाली ठेवता येत नाही. ते स्वयंपाकघरातच राहते, आणि भाजी केली जाते तोवरच राहते.

अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्याच्या अकोले तालुक्यात कोंभाळणे नावाचे गाव आहे. तेथील राहीबाई पोपेरे यांनी शाळेचे तोंड पाहिले नव्हते. त्यांनी वाल, घेवडा, भात आणि कितीतरी भाज्यांची गावरान बियाणी आपल्या घरी जमविली, पेरून वाढविली आणि इतर शेतकऱ्यांना वाटली. पुढे बाएफ या संस्थेचे साहाय्य त्यांना मिळाले, आणि २०२० मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. त्यांच्या गौरवाच्या बातम्या आपण सर्वांनी वाचल्या, अनेक शाळांतून त्यांच्यावर भाषणेही झाली. पण एका बाईने हजारोंच्या वाटचे काम करावे आणि हजारोंनी टाळ्या वाजवाव्या, ही श्रमविभागणी काही न्याय्य नव्हे.

चार कुंड्यांचा हिशेब

येथे साहजिकच शंका येईल की, दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात, हातभर सज्जात माणसाने असे काय राखायचे? शंका रास्त आहे, आणि तिला भाबडे उत्तर देऊन चालणार नाही. चार कुंड्यांनी भाजीचा खर्च कमी होत नाही. माती, खत आणि पाणी यांचा हिशेब धरला तर तो कदाचित वाढेलही. प्रत्येक वनस्पतीचे बी सज्जात शुद्ध राहते असेही नाही. भोपळावर्गातील वेलांची नर-मादी फुले वेगळी असतात, आणि मधमाशी शेजारच्या इमारतीतल्या वेलावरून थेट आपल्या वेलावर येते. अशा बियांतून पुढल्या वर्षी काय निघेल याचा नेम नसतो. दुधी कडू निघाला, तर तो घास तत्काळ थुंकून टाकावा. कडू दुधी विषारी असतो. दुधीचे शुद्ध बी हवे असेल, तर संध्याकाळी उमलू पाहणारी मादी कळी दोऱ्याने बांधून आपल्याच वाणाच्या नर फुलाचा पराग तिला लावावा आणि ती पुन्हा बांधून ठेवावी. हे कष्ट ज्याला नकोत त्याने या वाटेला जाऊ नये.

पण घेवडा, चवळी आणि चौधारी यांची गोष्ट वेगळी आहे. यांच्या फुलात बहुधा स्वतःच्याच परागाने बी धरते. दोनचार वेलांवरूनही वाण बऱ्यापैकी शुद्ध राहतो. म्हणून नवशिक्याने सुरुवात येथून करावी. वीसेक लिटरची एक बादली, तळाला भोके, दिवसातून पाचसहा तास ऊन आणि चढायला दोरी, एवढे साहित्य पुरते. चौधारीचे बी टणक असते. त्याला कानशीने किंचित खरवडून रात्रभर भिजत घालावे. जूनमध्ये लावलेला हा वेल पावसाळाभर नुसता पाने काढतो, आणि दिवस लहान होऊ लागल्यावर मग फुलतो. हे ठाऊक नसलेला माणूस ऑगस्टमध्ये कंटाळून वेल उपटतो. जून झालेले दाणे, विशेषतः अबईचे, कच्चे किंवा अर्धकच्चे कधीही खाऊ नयेत. नवख्याने कोवळ्या शेंगांवरच समाधान मानावे.

सर्वांत महत्त्वाचे काम शेवटी येते. पहिल्या दोनतीन चांगल्या शेंगा खाण्यासाठी न तोडता वेलावरच वाळू द्याव्या. उरलेसुरले ते बियाला, ही उलटी रीत. बियासाठी सर्वोत्तम आणि ताटासाठी बाकीचे, ही खरी रीत. बी सावलीत पूर्ण वाळवावे. बियातला ओलावा शेकडा एकाने कमी झाला, तर त्याचे आयुष्य साधारण दुप्पट होते. साठवणीचे तापमान पाचसहा अंशांनी उतरले, तरीही तसेच. हॅरिंग्टन या शास्त्रज्ञाच्या नावाने ओळखला जाणारा हा ठोकताळा आहे. आपल्या आज्या बियांत राख आणि कडुलिंबाचा पाला घालीत, कणसे चुलीवरच्या धुरात टांगून ठेवीत. त्यामागचे शास्त्र याहून फार दूर नव्हते. आजच्या घरात घट्ट झाकणाची काचेची बरणी, तळाशी पुरचुंडीत बांधलेले भाजून कोरडे केलेले तांदूळ, आणि वरती वाणाचे नाव, गाव आणि वर्ष लिहिलेली चिठ्ठी, एवढ्याने काम भागते. चिठ्ठी विसरू नये. नाव हरवलेले बी निम्मे हरवलेलेच असते.

कायदा आणि शाळा

या कामाला कायद्याचाही आधार आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असते. वनस्पती वाण संरक्षण व शेतकरी हक्क अधिनियम, २००१ याने शेतकऱ्याला आपले बी राखण्याचा, पेरण्याचा, अदलाबदल करण्याचा, वाटण्याचा आणि विकण्याचा हक्क दिला आहे. संरक्षित वाणाचे बी छापील नावाच्या वेष्टनात विकण्यास तेवढी मनाई आहे. विशेष म्हणजे या कायद्याने केलेली शेतकऱ्याची व्याख्या. जमीन कसणारा तो शेतकरी आहेच; परंतु रानटी जाती किंवा पारंपरिक वाण एकट्याने अथवा इतरांबरोबर जतन करणारी व्यक्तीही तीत येते. सातबाऱ्यावर ज्याचे नाव नाही असा एखादा कारकूनही गावरान घेवड्याचा वाण खरोखर राखीत असेल, तर या व्याख्येचे दार त्याला बंद नाही. कायद्याने देऊ केलेला हा मान घेण्याजोगा आहे.

शिक्षकांना या बाबतीत सर्वांत अधिक करता येण्यासारखे आहे. शालेय पोषण आहाराच्या अनुषंगाने केंद्र शासनाने २०१९ मध्ये शाळांतील परसबागांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्या बागेत दर वर्षी विकतची पाकिटे फोडली जाणार असतील, तर मुलांना भाजी मिळेल, धडा मात्र अर्धाच मिळेल. प्रत्येक शाळेत पुस्तकांच्या कपाटाशेजारी बियांच्या बरण्यांची एक फळी का नसावी? विद्यार्थ्याने जूनमध्ये पाच बिया नेमाने नोंद करून घरी न्याव्या आणि वर्षअखेर पंचवीस परत कराव्या. ग्रंथालयाचे पुस्तक जसेच्या तसे परत आले तर आपण समाधान मानतो. हे पुस्तक पाचपट होऊन परत येईल. काहींचे वेल वाळतील, काहींचे उंदीर खातील. दहा घरांत एकच वाण असेल, तर दोघातिघांचे तरी साधेलच. एकाच घरात दहा वाण असण्यापेक्षा दहा घरांत एक वाण असणे अधिक सुरक्षित. वनस्पतीशास्त्र, गणित आणि सचोटी हे तिन्ही विषय या एका फळीवर शिकविता येतील. गावाकडून येणाऱ्या मुलांना त्यांच्या आजीकडचे बी मागितले, तर ज्या ज्ञानाची शाळेत आजवर कोणी विचारपूस केली नाही, त्यालाही तेथे मान मिळेल.

बी ही मोठी सहनशील वस्तू आहे, पण तिच्या सहनशीलतेला मुदत असते. कांद्याचे बी एकदोन वर्षांत निकामी होते. घेवड्याचे साध्या घरात तीनचार वर्षे तग धरते. गावाकडच्या बंद घरातील फडताळात एखादी पुरचुंडी शिल्लक असेल, तर तिचे दिवस याच वेळी मोजले जात आहेत. ती उघडायला पुढल्या पिढीची वाट पाहिली, तर हाती दाणे येतील. त्यांतून अंकुर येणार नाही. मृगाचा पाऊस दर वर्षी येतो. या वेळी तो येण्यापूर्वी ज्यांच्या घरी अजून असे बी आहे त्यांच्याकडून पाच दाणे मागून आणावे, आणि पुढल्या मृगापूर्वी पाच जणांना द्यावे.